मांजरपाटावरची जांभळी वर्तुळं

सोलापुरातल्या एका कापड गिरणीत मी ताके तपासायला होतो, तेव्हा ज्याच्या मागावर सगळ्यात जास्त धागे तुटत होते त्या विणकराला कामावरून काढावं, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलं. धागे माझ्यामुळे तुटत होते.

खरं तर इथेच थांबायला हरकत नाही. पण स्वतःच्या मूर्खपणाबद्दल बोलायला लागलेला माणूस आवरत नाही, आणि माझ्याकडे त्या मालाचा तुटवडा कधीच पडलेला नाही.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आमच्या गल्लीत मॅट्रिक होणारा मी पहिला नव्हतो. पण झाल्याची सगळ्या गल्लीला दिवसातून दोनदा आठवण करून देणारा पहिलाच. गिरणीच्या विणाई खात्याचे प्रमुख होते त्यांना सगळे विव्हिंग मास्तर म्हणत. कमी बोलणारे गृहस्थ. चष्मा बहुतेक वेळ कपाळावर. मी नोकरी मागायला गेलो तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डोळे चांगले आहेत का?" मी त्यांना भूमितीतले गुण सांगितले. ते म्हणाले, "मी डोळ्यांचं विचारलं." तरी ठेवून घेतलं.

काम सोपं होतं. मागावरून उतरलेला मांजरपाटाचा ताका उतरत्या टेबलावर सरकवत न्यायचा, त्यावर नजर फिरवायची आणि दोष दिसला की तिथं वर्तुळ काढून आत एक अक्षर लिहायचं. उभी तार तुटून कापडात फट राहिली असेल तर 'ता'. तेलाचा डाग असेल तर 'ते'. धागे गुंतून जाळं झालं असेल तर 'जा'. संध्याकाळी कुठल्या मागाच्या कापडात कुठलं अक्षर किती वेळा आलं त्याची बेरीज करून मास्तरांना द्यायची. वर्तुळं काढायला कॉपिंग पेन्सिल मिळे. ही पेन्सिल जिभेला लावली की जांभळी उमटते, आणि एकदा उमटली की धुऊन जात नाही. कापडावरून जात नाही तशी जिभेवरूनही जात नाही. मी बाराही महिने जांभळं खाल्ल्यासारखा हिंडत असे, आणि त्या जांभळ्या तोंडाने लोकांना शुद्ध बोलायला शिकवत असे.

माझं टेबल आधी घडीखात्यात होतं. तिथं अंधार, आणि उकाडा असा की टोपी काढली तर डोक्यातून वाफ निघेल. मी मास्तरांना गाठलं आणि म्हणालो, "साहेब, सूर्यप्रकाशात दोष चटकन दिसतो. माझं टेबल विणाई खात्यात, त्या बाजूच्या दाराशी, वरच्या काचेच्या खिडकीखाली नेलं तर तपासणी अधिक काटेकोर होईल." मास्तर हो म्हणाले. सूर्यप्रकाशाचं कारण खोटं नव्हतं. फक्त ते दुसरं कारण होतं.

ते बाजूचं दार नेहमी बंद असे आणि आतून त्यावर भिजवलेलं गोणपाट सोडलेलं असे. मला वाटलं, ही गिरणीवाल्यांची जुनी खोड. आत माणसं घुसमटतात त्याचं कुणाला काय! पहिल्याच आठवड्यात मी ते दार उघडलं. गोणपाटाचं ओलं टोक वाऱ्याने माझ्या गालावर फटकन बसलं, तेव्हा ते मी खिळ्याला गुंडाळून ठेवलं. दार आपोआप लोटलं जायचं म्हणून त्याला एक वीट लावली. आणि काय सांगू, फाल्गुन-चैत्रातलं ते कोरडं वारं असं भणभण आत येऊ लागलं की कागद उडायचे, पण घाम म्हणून येत नसे.

तेव्हापासून मी खात्यात लोकप्रिय झालो. मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. तरी ज्याला दोन मिनिटं सवड मिळे तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राही. मी त्याला एखादी गोष्ट ओरडून सांगे. तो मान हलवी, गळ्याचं बटण सोडी, डोळे मिटून घेई. मला वाटे, रंगला. पुढे कळलं की त्यातल्या निम्म्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता, आणि उरलेल्यांना येऊन उपयोग झाला नव्हता.

दाराला सगळ्यात जवळचा माग होता एका वळसंगच्या माणसाचा. घरचं रान भावांना पुरत नव्हतं म्हणून हा गिरणीत आला आणि भवानी पेठेत खोली घेऊन राहिला. खात्यात सगळे त्याला वळसंगवालाच म्हणत, मीही तसंच म्हणतो. गडी मोकळ्या मनाचा. मी येण्याआधी विटेची व्यवस्था तोच लावून ठेवी.

"सायेब, तुमी आलासा आन् आमाला वारं लागलं बगा," तो माझ्या कानात ओरडे. "न्हाईतर हितं जीव उकडून निघायचा की!"

मी उदारपणे हात हलवी, जणू वारं मी घरून आणलं होतं.

आता माझ्या बेरजांकडे येतो. आधीचा तपासनीस नुसते दोष मोजून एक आकडा देई. मी शिकलेला, मी मागवार तक्ता केला. महिनाभरात तक्त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. वळसंगवाल्याच्या रकान्यात 'ता' ची नुसती रांग लागलेली. त्याच्या आसपासच्यांच्याही रकान्यांत 'ता' जरा जास्तच होते, पण त्याची गोष्ट वेगळी होती. मी मनाशी म्हटलं, गप्पा मारतो, बटणं सोडून उभा राहतो, तार तुटली तरी लक्ष नाही. आळशी. आणि शेजारच्यांनाही बिघडवतोय. मी सुवाच्य अक्षरात कागद लिहिला : सदर इसमामुळे मालाची प्रत खालावत आहे, तरी त्यास कमी करावे. 'सदर इसम' लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

मास्तरांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला. "पगाराच्या दिवशी सांगून टाकू त्याला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वळसंगवाला माझ्या कानाशी आला. "सायेब, धाकटीचं बारसं हाय. तुमी आलंच पायजे."

मला सबब सुचली नाही. शिवाय घुगऱ्या असणार होत्या.

भवानी पेठेतली ती खोली शोधत गेलो. आजूबाजूला तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं, जोत्यावर सूत वाळत घातलेलं. खोलीच्या दाराशी एक शेळी बांधलेली. वळसंगवाल्याची सासू मैंदर्गीहून लेकीच्या बाळंतपणाला आली होती, आणि येताना ही शेळीही घेऊन आली होती. शहरातल्या दुधावर तिचा विश्वास नव्हता. शहरातल्या कशावरच नव्हता. म्हातारी खणखणीत होती, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची आणि दोन्हींत सारखीच भांडायची.

मी आत शिरलो, बसलो, आणि समोरच्या झोळीकडे बघितलं.

झोळी मांजरपाटाची होती. तिच्यावर ठिकठिकाणी जांभळी वर्तुळं होती, धुतल्यामुळे जरा पसरलेली, आणि प्रत्येकात माझ्या हातचं वळणदार 'ता'. बाळाची कुंची मांजरपाटाची, तिच्या कानाशी एक वर्तुळ. थोरल्या पोरीच्या परकरावर तीन. उशीच्या खोळीवर दोन. पाहुण्यांना बसायला घातलेल्या वाकळीच्या अस्तरावर तर मी वर्तुळांच्या मधोमधच बसलो होतो. वळसंगवाल्याने सणाचा म्हणून घातलेल्या नव्या सदऱ्यावर छातीच्या डाव्या बाजूला एक 'ता' होता, सरकारने पदक द्यावं तसा.

गिरणीची रीतच होती ती. जास्त दोष निघालेला ताका बाजारात जात नसे. तो विणणाऱ्याच्याच गळ्यात मारत आणि किंमत पगारातून वळती करत. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याच्यावर बसणं वेगळं. मी वर्तुळ काढलं की ताका टेबलावरून पलीकडे जाई, आणि माझ्या लेखी संपे. तो पुढे कुंची होतो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"ह्यो 'ता' कोन म्हनं हाय?" म्हातारीने जावयाला विचारलं. थोरल्या नातीने तिला अक्षर वाचून दाखवलेलं असणार. "समद्या कापडावर त्येचंच नाव. दुकानदार हाय काय त्यो?"

वळसंगवाला हसला. "अवो मामी, ह्ये सायेब बसल्यात न्हवं का, ह्येनीच लिवल्यात. आपल्या गिरणीचं तपासनीस."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अय्यो! मग जरा बारीक लिव की बाबा. लेकराच्या अंगावर केवढं मोठं काडलंस!"

बायका हसल्या. मीही हसलो. तोंड जांभळं असलेला माणूस हसला की कसा दिसतो ते मला आरशामुळे माहीत आहे.

एवढ्यात बाहेरून खुडबुड झाली आणि शेळी दावं सोडवून सरळ आत आली. माझ्यासमोर घुगऱ्यांची परात होती. तिने त्यात तोंड घातलं. एकच आरडाओरडा झाला. म्हातारीने शेळीला कानाला धरून बाहेर नेलं आणि दारातून ओरडली, "दार कुनी उगडं टाकलं गं?"

शेवटी आत आलो होतो मी. ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण साहेब म्हणून कुणी बोललं नाही. मी छताकडे बघत बसलो. घुगऱ्या पुन्हा शिजवल्या गेल्या आणि बाळंतिणीने मला आधी वाढायला लावल्या. निघताना वळसंगवाला म्हणाला, "सायेब, पोरगी पायगुणाची हाय. आता माग बी नीट चालंल बगा." मी घुगऱ्या खिशात कोंबून निघालो. माझा कागद मास्तरांच्या टेबलाच्या खणात होता.

सकाळी भोंग्याआधी मी मास्तरांच्या काचेच्या खोलीत हजर.

"साहेब, माझा तो कागद परत द्या."

"का?"

"त्याला मुलगी झाली."

"मग अभिनंदन करा. कागद कशाला हवा?"

मी खिशातली पेन्सिल काढून जिभेला लावली.

"धागे तुटायचे कमी झाले का?"

"नाही."

"मग?" मास्तर म्हणाले. "कापड घेणारा व्यापारी मुंबईत बसतो. त्याला त्याची मुलगी दिसत नाही, फट दिसते."

मी तरी हललो नाही. मला त्या माणसाला वाचवायचं होतं, आणि त्याला बुडवणारा कागद माझ्याच हातचा होता. मास्तरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"हे बघा तपासनीस, दया आली असेल तर ती घरी ठेवा. इथं मोजणी आणा. त्याच्या मागावर चुका होतात एवढंच तुम्ही मोजलंत. त्या तो करतो, असं कुठं मोजलंत? त्याला दुसऱ्या मागावर घाला, तिथल्या माणसाला त्याच्या मागावर. आणि पुन्हा मोजा. पगाराच्या दिवसापर्यंत वेळ आहे."

मी खात्यातला सगळ्यात नावाजलेला विणकर निवडला. तेलुगू घरातला, पिढीजात हात. त्याचा माग पलीकडच्या भिंतीशी होता आणि त्याच्या ताक्यावर वर्तुळ काढायला मिळालं तर मला सण वाटे. दोघांची अदलाबदल केली. आठवडा झाला नाही तोच वळसंगवाल्याच्या ताक्यांवरचे 'ता' नाहीसे झाले, आणि त्या नावाजलेल्याच्या ताक्यांवर पुरळ उठल्यासारखे उमटले. मी त्याला ते दाखवायला गेलो, तेव्हा तो तेलुगूत जे बोलला ते मला कळलं नाही, हे माझं नशीब.

म्हणजे माणूस नाही, माग! मी नाचतच मास्तरांकडे गेलो. त्यांनी दोघांना आपापल्या मागांवर परत धाडलं आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री जुना जाणता मुसलमान कारागीर. त्याने माग खोलला, फणी बदलली, धोटा बदलला, बाकी सगळं पुसून तेल देऊन पुन्हा बसवलं. मधे मधे माझ्या दाराशी बसून माझा चहा प्यायला. "हवा बडी मस्त है जी इधर," असं म्हणून मला दुवा दिला. माग चालू झाला. धागे पहिल्यासारखेच तुटू लागले.

मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मशीन कू कुच्छ नई हुआ जी. तुमारी पेन्सिल कू हुआ हुएंगा."

माणूस नाही, माग नाही. मग राहिलं काय? वळसंगवाल्याने त्याचं उत्तर स्वतःच शोधलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर लिंबू-मिरच्या टांगलेल्या. नजर लागली म्हणाला. ते बघून शेजारच्याने टांगलं. त्याचं बघून त्याच्या शेजारच्याने. चार दिवसांत सबंध रांगेत लिंबं लोंबू लागली. मी शिकलेला असल्यामुळे सगळ्यांना हसलो, आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप एक माझ्याही टेबलाला बांधलं. पगार तीन-चार दिवसांवर आला होता. वळसंगवाल्याला कुणीतरी कुणकुण लावली असावी. तो माझ्या कानाशी येईनासा झाला. वीट मात्र रोज जागेवर असे.

मला काही सुचत नव्हतं. आणि काही सुचेनासं झालं की मी चित्र काढतो. मी मोठा कागद घेतला आणि पट्टीने सबंध विणाई खात्याचा नकाशा काढला. खांब, भिंती, दारं, प्रत्येक मागाला एक चौकोन. कोपऱ्यात माझं टेबल, त्याला आजूबाजूला किरण काढलेले. कारण जागा उरली होती. मग गेल्या महिन्यातले सगळे दोष ज्या त्या मागाच्या चौकोनात ठिपक्यांनी भरले. झालं ते काय, तर कागदाला गोवर आल्यासारखं. काहीच बोध होईना.

तो कागद मास्तरांनी बघितला. "तेलाचे डाग आणि तुटलेले धागे एकत्र का कालवलेत? आपलं भांडण 'ता' शी आहे ना? तेवढेच काढा."

मी दुसरा कागद घेतला. फक्त 'ता'. आणि ठिपके भरत गेलो तसतसा माझा हात मंदावत गेला. पलीकडच्या भिंतीशी तुरळक ठिपके. मधल्या रांगांत थोडे जास्त. अलीकडे दाट, आणखी दाट, आणि वळसंगवाल्याच्या चौकोनात गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. मुंग्यांची सगळी रांग माझ्या किरणांच्या दिशेने चालली होती. म्हणजे दोष एका मागाचा नव्हताच. तो अख्ख्या कोपऱ्याचा होता. एवढं माझ्या ध्यानात आलं. कोपऱ्यात काय आहे हे आलं नाही. मला वाटलं, खालची जमीन हादरत असेल.

मास्तर नकाशा हातात घेऊन खात्यात आले. मी मागोमाग. ते पलीकडच्या भिंतीपासून रांगेने निघाले, नकाशात बघत, मागांकडे बघत. जाता जाता त्यांनी एक लिंबू चिमटीत धरून दाबलं. पुढच्या मागावरचं दाबलं. त्याच्या पुढचं. मला वाटलं, मास्तरांचंही डोकं फिरलं. लांबची लिंबं टवटवीत होती. मधली मऊ पडली होती. अलीकडची सुरकुतली होती. वळसंगवाल्याचं लिंबू सुपारीसारखं टणक झालं होतं. माझ्या टेबलाचं त्याहून टणक.

"हे कुणी बांधलं?" मास्तरांनी विचारलं.

मी खांबाकडे बघितलं.

त्यांनी नकाशा नीट बघायला माझ्या टेबलावर पसरला. तो वाऱ्याने उडाला. धरून पुन्हा ठेवला, पुन्हा उडाला. वजन ठेवायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं, वाकले, दाराची वीट उचलली आणि नकाशावर ठेवली.

दार लोटलं गेलं. नकाशा निपचित पडला. वारं थांबलं.

मास्तरांनी दाराकडे बघितलं. विटेकडे बघितलं. खिळ्याला गुंडाळलेल्या गोणपाटाकडे बघितलं. ते इतके दिवस न भिजल्यामुळे पत्र्यासारखं झालं होतं. मग माझ्याकडे. ते माझ्या कानाशी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाचं ओरडणं नको वाटलं. त्यांनी सांगितलं ते असं : खळ लावलेलं सूत हवेत ओल असली की लवचीक राहतं, कोरडं वारं लागलं की काडीसारखं कडक होतं आणि तटकन तुटतं. म्हणून आम्ही जमिनीवर पाणी शिंपडतो, वाफ सोडतो, दारं बंद ठेवतो. "आणि तुम्ही?"

मास्तरांची खोली दुसऱ्या टोकाला होती. इकडे ते येत तेव्हा, वरिष्ठ आले म्हणून कुणीतरी घाईने दार लोटून घेई. त्या दिवशी मात्र ते लिंबं दाबत आले, आणि सगळे तेच बघत राहिले. बाकी जो तो वाऱ्याला आलेला, तो कशाला तक्रार करील? मिस्त्रीसुद्धा चहाचा मिंधा.

"ही वीट कुणाची?" मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले.

वळसंगवाला पुढे आला, अंगात बारशाचाच सदरा, छातीवरचा 'ता' पुढे करून. "म्याच ठेवतोय की सायेब, रोज. तपासनीस सायेबास्नी वारं लागावं म्हून."

मी तेव्हा तोंड उघडलं. तेवढं एक बरं केलं. "वीट मी आणली, साहेब. दारही मीच उघडलं. हा नुसता माझ्यासाठी लावायचा."

मास्तर म्हणाले, "मोजा आता."

पुन्हा मोजलं. दार बंद, गोणपाट ओलं, माणूस तोच, माग तोच. दोन-तीन दिवसांतच त्याच्या ताक्यांवर वर्तुळ काढायला मला जागा शोधावी लागू लागली. आजूबाजूच्या मागांचंही तसंच. पगाराच्या दिवशी वळसंगवाला सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहिला आणि सगळ्यांसारखाच परत मागावर गेला. त्या महिन्याचे नासलेले ताके त्याच्या गळ्यात मारले गेले नाहीत. त्याआधीचे मात्र धुऊन, शिवून, अंगावर चढून गेले होते. त्याला मास्तरही काही करू शकत नव्हते.

मास्तरांनी मला माझा कागद परत दिला. "हा घ्या. 'सदर इसम' खोडून आपलं नाव घालू नका. दुसरा तपासनीस शोधायला मला वेळ नाही." त्यानंतर दर महिन्याला तसा नकाशा काढायचा असं त्यांनी ठरवून दिलं. एका पावसाळ्यात गळकं छप्पर त्याच्यावरूनच सापडलं. नियम एकच : तपासनिसाचं टेबल नकाशात दाखवायचं. किरण काढायचे नाहीत.

माझं टेबल घडीखात्यात परत गेलं. गोष्टी ऐकायला कुणी आलं नाही.

राहिलं होतं ते एवढंच की, तो कागद मी लिहिला होता हे वळसंगवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते त्याला माझ्याच तोंडून कळावं. एका संध्याकाळी मी पुन्हा भवानी पेठेत गेलो. तो जोत्यावर बसून तंबाखू मळत होता. तो मला आत घेऊन गेला. बाळंतीण चुलीपाशी होती, म्हातारी झोळीची दोरी ओढत डुलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कागद, 'सदर इसम', सगळं. बोलताना माझी नजर झोळीवरच्या वर्तुळांवर होती.

तो ऐकत राहिला. तंबाखू मळायचं थांबलं होतं.

"म्हंजी तुमी मला काडायला लिवलं व्हतं."

"हो."

"आन् बारशाला आलासा."

"हो."

बाळंतिणीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. माझ्याकडे बघितलं नाही. मग त्याने तंबाखूवर थाप मारली.

"वारं मला बी ग्वाड लागत व्हतं की वो," तो म्हणाला. "तुमी दार उगडलंसा, म्या वीट लावली. आन् लिंबू बिचारं फुकट वाळलं." मग थोडं हसू आलं त्याला, पण सगळं नाही. "बसा. घोटभर दूद घ्या. शेळीचं हाय."

बसलो. दूध घेतलं. ते खारट लागलं. पण ते शेळीचं असल्यामुळे असेल. उठलो तेव्हा मन इतकं हलकं झालं होतं की पाय जमिनीला लागत नव्हते. आपण काहीतरी फार मोठं, फार सरळ केलं आहे, असं वाटत होतं. त्याच तंद्रीत त्याला रामराम करून बाहेर पडलो आणि गल्लीच्या वळणापर्यंत आलो, तेवढ्यात मागून शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली, भांडं पडलं, आणि म्हातारीचा आवाज सबंध पेठेत घुमला :

"आरं ए 'ता'! येवडं रामायन जालं, तरी तुला दार लावायचं कळंना व्हय रं?"